जंपर केबलची जुडी: एक वेढा सुलट, एक उलट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा ज्यांचे हात आत्ता खरोखरच केबलमध्ये अडकलेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे 'असं, असं करायचं' म्हणून हातवारे केले होते, ते इथे जरा नीट उलगडून लिहिलेत.

विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय विषय झाला? केबल गुंडाळायची, डिकीत टाकायची, संपलं. पण ज्यांची गाडी पावसात, अंधारात, रस्त्याच्या कडेला बंद पडली आहे, त्यांना विचारा. बॅटरी बसलीय, मदतीला दुसरी गाडी थांबलीय, तिचा ड्रायव्हर 'लवकर करा' म्हणतोय, आणि डिकीतून निघतोय काळ्या-लाल केबलचा एक गठ्ठा. एक क्लिप दुसऱ्या वेढ्यात, दुसरी क्लिप स्टेपनीच्या खाचेत. अशा वेळी रस्त्यावर उभं राहून घालवलेलं एकेक मिनिट धोक्याचं असतं, कारण मागून येणाऱ्याला तुम्ही दिसालच याची खात्री नाही.

म्हणून आज तीन गोष्टी बघू. गुंता होतो का, जाड केबलचं दुखणं वेगळं का, आणि तिची जुडी बांधायची कशी. हो, जुडीच. मेथीची असते तशी.

गुंता आपोआप कसा होतो?

आधी खिशातले वायरवाले इयरफोन आठवा. नीट ठेवलेले असतात, आणि काढताना गाठ. आपण म्हणतो, नशीब! पण या नशिबावर चक्क प्रयोग झालेत. अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी एका डब्यात दोरी टाकली, डबा फिरवला आणि गाठ पडते का ते बघितलं. एकदा-दोनदा नाही, ३,४१५ वेळा. २००७ साली त्यांचा शोधनिबंध आला आणि २००८ साली त्यांना इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतं ते हे बक्षीस.

त्यांना काय दिसलं? गाठी काही सेकंदांत पडतात. दोरी साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल तर गाठ जवळजवळ पडतच नाही, आणि त्याच्या वर गेलं की शक्यता झपाट्याने वाढते. दोरी ताठ असेल तर गाठी कमी. डबा लहान असेल, दोरीला हलायला जागा नसेल, तरीही गाठी कमी.

याचा आपल्या कामाचा अर्थ असा, की गुंता व्हायला तीन गोष्टी लागतात: मोकळं टोक, लांबी आणि हलायला जागा. टोक मोकळं असतं म्हणून ते दुसऱ्या वेढ्यातून पलीकडे जातं. लांबी असते म्हणून वेढे पडतात. जागा असते म्हणून हे सगळं घडायला वाव मिळतो. आता डिकीचा विचार करा. तीन मीटरची केबल, चार मोकळी टोकं, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला उडणारी गाडी. म्हणजे तोच प्रयोग आपण रोज करतोय, फक्त निबंध लिहीत नाही.

पुढे जे सांगणार आहे ते सगळं या तीन गोष्टी काढून घेण्यासाठीच आहे. एवढं लक्षात राहिलं तर बाकीच्या पायऱ्या विसरलात तरी चालेल, तुमच्या तुम्हाला सुचतील.

जाड केबलचं दुखणं वेगळं असतं

आता तुम्ही म्हणाल, जंपर केबल तर जाड आणि ताठ असते, मग तिला गाठी कमी पडायला हव्यात. बरोबर. जंपर केबलला खरीखुरी गाठ क्वचितच पडते. तिचा गुंता दोन वेगळ्या कारणांनी होतो.

पहिलं कारण क्लिप. तिच्या टोकाला दात असलेला चिमटा असतो आणि त्याला दोन मुठी. मासे पकडायच्या गळासारखं हे टोक जिथे संधी मिळेल तिथे अडकतं. ओढलं की आणखी घट्ट.

दुसरं कारण पीळ. हे दिसत नाही, म्हणून जरा सावकाश समजून घ्या. बागेला पाणी घालायचा प्लास्टिकचा पाइप आठवा. गोल गुंडाळून ठेवलेला पाइप एका बाजूने ओढत नेला की मध्येच मुरड पडते आणि पाणी बंद होतं. का? कारण गोल वेढा घालताना प्रत्येक वेढ्यामागे पाइपमध्ये एक पूर्ण पीळ भरला जातो. पाच वेढे, पाच पीळ. ओढताना वेढा सुटतो, पण पीळ कुठे जाणार? तो मुरडीच्या रूपात बाहेर येतो. केबलचंही तसंच. तुम्ही ती सरळ करायला बघता आणि ती हातातच वेटोळं घालते.

सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे पंजा आणि कोपर यांच्यामध्ये गरागरा गुंडाळणं. लोकरीची किंवा बारीक दोरीची गोष्ट वेगळी. जाड केबलमध्ये त्याने प्रत्येक फेरीला पीळ तर भरतोच, शिवाय कोपरापाशी आणि अंगठ्यापाशी केबल दोन ठिकाणी घट्ट दुमडली जाते. हे दुमडणं महागात पडतं.

महागात म्हणजे किती? थोडा हिशोब

घरातला ७५० वॅटचा मिक्सर साधारण सव्वातीन अँपिअर करंट घेतो. गाडीचा स्टार्टर फिरताना छोट्या पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअरची मागणी येऊ शकते, डिझेलला त्याहून जास्त. म्हणजे पन्नासच्या आसपास मिक्सर एकाच वायरवर. म्हणून ही केबल जाड हवी.

समजा केबलमध्ये १६ चौरस मिलिमीटर तांबं आहे आणि लांबी ३ मीटर. लाल आणि काळी मिळून ६ मीटरचा प्रवास. १५० अँपिअरला या प्रवासात साधारण १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो. चालेल. पण तांबं ६ चौरस मिलिमीटरच असेल तर अडीच व्होल्टच्या वर खर्च होतो. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत अडीच व्होल्ट वाटेतच गेले तर स्टार्टर नुसता 'टक टक' करतो. त्यातून केबल अ‍ॅल्युमिनियमची असेल आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा असेल, तर त्याच जाडीला नुकसान आणखी जास्त.

आता मुद्दा असा, की केबलच्या आत एकच जाड तार नसते. केसासारख्या बारीक तारांचा झुपका असतो, म्हणून तर ती वाकते. तीच ती जागा पुन्हा पुन्हा घट्ट दुमडली की तिथल्या तारा एकेक करून तुटत जातात. वरचं आवरण शाबूत, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. तुम्ही पैसे दिलेत १६ चौरस मिलिमीटरचे, पण त्या एका ठिकाणी उरलंय निम्मंच तांबं. अख्खा करंट त्या अरुंद जागेतून जातो आणि केबल नेमकी तिथेच गरम होते. सगळ्यात लवकर मरते ती जागा क्लिपच्या मुठीपाशी, जिथे केबल चिमट्याला जोडलेली असते.

म्हणजे नीट गुंडाळणं हा टापटिपीचा प्रश्न राहत नाही. केबल ऐन वेळी चालेल की नाही, हे ती तुम्ही मागच्या वेळी कशी ठेवलीत यावर ठरतं.

माझा मामा सातारा-पुणे भाड्याची गाडी चालवतो. एका लग्नाच्या कार्यालयाबाहेर रात्री एका पाहुण्यांची गाडी सुरू होईना. मामाने गाडी शेजारी लावली. पाहुण्यांनी स्वतःची केबल काढली, तर सगळा गुंता. ते म्हणाले, "राहू दे हो, टोकं पोचतायत ना, लावून टाका." मामा म्हणाला, "आधी सगळी सुटी करा, मग हात लावतो." सोडवता सोडवता एका घट्ट घडीपाशी आवरण चिरलेलं निघालं, आत तांबं चमकत होतं. आणि त्या चिरेला टेकून काळ्या केबलची क्लिप अडकलेली. तशीच लावली असती तर काय झालं असतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. मामाने स्वतःच्या डिकीतून सायकलच्या ट्यूबने बांधलेल्या दोन जुड्या काढल्या आणि गाडी सुरू झाली. खालची पद्धत थोडी त्याची, थोडी आम्हा पॉडकास्टवाल्यांची. आमच्याकडे माइकच्या केबल रोज गुंडाळाव्या लागतात, आणि गणपतीत स्पीकर लावणाऱ्या साउंडवाल्या पोरांना बघितलंत तर तीही हेच करताना दिसतील.

जुडी बांधायची कशी

*एक. पूर्ण लांब करा.* पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर केबल जमिनीवर सरळ पसरा. एक टोक धरून उचला आणि हळूहळू पुढे सरका, म्हणजे दुसरं टोक मोकळं फिरेल आणि जुना पीळ निघून जाईल. त्याच वेळी बोटं फिरवून चीर, फुगवटा किंवा मऊ पडलेली जागा शोधा. कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पावसाळ्यात हे टाळू नका. ओली केबल बांधून ठेवली की क्लिपच्या तांब्यावर हिरवट थर चढतो, आणि तो थर करंटला अडवतो.

*दोन. लाल वेगळी, काळी वेगळी.* दोन्ही केबल सुट्या असतील तर दोन जुड्या बांधा. एकमेकींत गुंतायचा प्रश्नच उरत नाही. दोन्ही केबल एकमेकींना चिकटलेल्या जुळ्या असतील तर अर्थात एकच जुडी.

*तीन. एक वेढा सुलट, एक उलट.* विणकाम करणाऱ्यांना हे शब्द घरचे आहेत. डाव्या हातात केबलचं एक टोक धरा, क्लिपपासून एक वीत सोडून. ती वीत सरळच राहू द्या, तिथे वाकवायचं नाही.

सुलट वेढा: उजव्या हाताने हातभर पुढची केबल धरा आणि नेहमीसारखा गोल वेढा करून डाव्या हातात ठेवा.

उलट वेढा: आता उजवी मूठ उलटी करा, म्हणजे अंगठा जमिनीकडे. तशी केबल पकडा आणि मनगट सरळ करत वेढा डाव्या हातात ठेवा. नीट बघितलंत तर पुढे जाणारी केबल या वेळी वेढ्याच्या आतल्या बाजूने निघालेली दिसेल.

पुन्हा सुलट, पुन्हा उलट. सुलट वेढ्याने भरलेला पीळ उलट वेढा काढून टाकतो. हिशोब शून्य. सोडताना केबल सरळ निघते. पहिल्या पाच-सहा वेळा हात गोंधळेल. माइकच्या केबलवर किंवा साध्या एक्स्टेंशन बोर्डावर सराव करा, मग जमतं.

वेढा केवढा? जेवणाच्या ताटाएवढा, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर. त्याहून लहान नको. तीन मीटरच्या केबलचे असे तीनच वेढे होतात.

*चार. केबल फार जड असेल तर आठचा आकडा.* ट्रक किंवा मोठ्या डिझेल गाडीची केबल हातात तोलून धरणं अवघड. फक्त तांब्याचा हिशोब केला तरी २५ चौरस मिलिमीटरच्या ६ मीटर केबलमध्ये सव्वा किलोच्या वर तांबं असतं. आवरण आणि क्लिपा वेगळ्या. अशी केबल जमिनीवरच आठच्या आकड्यात मांडत जा, एक वेढा उजवीकडे, एक डावीकडे. इथेही एका बाजूचा पीळ दुसरी बाजू काढून टाकते. शेवटी आठचं एक वर्तुळ दुसऱ्यावर पालथं घाला, झाली गोल जुडी.

*पाच. टोकं बंद करा.* ही माझी आवडती युक्ती. वेढे पूर्ण झाले की केबलची दोन्ही टोकं जवळजवळ येतात. लाल क्लिप त्याच लाल केबलच्या दुसऱ्या क्लिपला चावू द्या. काळीचं तसंच. आता त्या केबलला टोकच उरलं नाही, ती बांगडीसारखी बंद झाली. बंद बांगडीला गाठ पडू शकत नाही, तुम्ही कितीही हलवा. शिवाय क्लिपचा गळ मिटला, तो कुठे अडकणार? क्लिप केबलच्या आवरणावर मात्र चावून ठेवू नका, दात रुततात.

*सहा. दोन किंवा तीन ठिकाणी बांधा.* एकच बंद मारलात तर जुडी पलीकडून फिस्कटते. एक बंद क्लिपांपाशी, एक बरोबर समोर. केबल लांब असेल तर तिसरा. वेल्क्रोची पट्टी उत्तम. ती नसेल तर मामाचा उपाय: सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद, दीड वीत लांब पट्टी. दोन वळसे द्या आणि टोक खाली खोचा. पट्टीचं एक टोक केबलला कायमचं बांधून ठेवा, म्हणजे पट्टी हरवत नाही. उन्हाने ट्यूबला तडे गेले की बदला.

काय नको? साधे पिवळे रबरबँड नकोत, डिकीतल्या उन्हात ते चिकट होऊन केबलला लागतात. बारीक तार नको, ती आवरणात रुतते. करकचून ओढलेली प्लास्टिकची टाय नको, कारण ऐन वेळी ती कापायला कात्री कुठून आणणार? आणि केबलचंच टोक वेढ्यांतून ओवून गाठ मारायची, हे तर अजिबात नको. सुलट-उलट जुडीत टोक ओवलं आणि ओढलं की ओळीने गाठी पडत जातात. टोक कधीही वेढ्याच्या आरपार जाऊ द्यायचं नाही, एवढा एकच नियम ही पद्धत मागते.

*सात. घट्ट बसेल अशी पिशवी.* प्रयोगातला लहान डबा आठवा. हलायला जागा नसली की गुंता नाही. जाड कापडाची, जुडी जेमतेम मावेल अशी पिशवी घ्या. काळी खाली, लाल वर. पिशवीवर जॅक किंवा स्टेपनी येऊ देऊ नका. जुडी क्लिपने टांगूनही ठेवू नका, सगळं वजन त्या नाजूक जोडावर येतं.

वापरून झाल्यावर

गाडी सुरू झाली की सगळ्यांना निघायची घाई. पण केबल कोमट असेल तर दोन मिनिटं पसरलेलीच राहू द्या. गरम आवरण मऊ असतं, ते वाकवाल तसा आकार धरतं. हीच गोष्ट विदर्भातल्या मे महिन्यातल्या डिकीची. दुपारच्या उन्हात तापलेली केबल वेडीवाकडी पडलेली असेल, तर संध्याकाळी गार झाल्यावर ती तशीच वेडीवाकडी हट्टाला पेटते. आणि महाबळेश्वरच्या थंडीत पहाटे हेच आवरण ताठ होतं, तेव्हा तिला जबरदस्तीने वाकवू नका.

सुटी केबल आणि जोडायचा क्रम

आता सगळ्यात महत्त्वाचं. केबल पूर्ण सोडवल्याशिवाय एकही क्लिप बॅटरीला लावायची नाही. कारण एक टोक चांगल्या बॅटरीला लागलं की दुसरं टोक जिवंत झालं. गुंत्यात ही जिवंत टोकं एकमेकांच्या शेजारीच असतात. लाल-काळं टेकलं की मोठी ठिणगी, आणि बॅटरीच्या आसपास हायड्रोजन वायू असू शकतो. म्हणून हा क्रम:

१. लाल क्लिप बसलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला.
२. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला.
३. काळी क्लिप चांगल्या बॅटरीच्या वजा टोकाला.
४. काळीचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या किंवा बॉडीवरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब.

काढताना बरोबर उलट क्रम. आधी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या, काही गाड्यांत जोडायच्या जागा वेगळ्या दिलेल्या असतात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे नियम वेगळे असतात.

बघा, पहिलं काम लालचं आहे. म्हणून पिशवीत लाल वर ठेवायला सांगितली. ती काढा, सुटी करा, लावा. मगच काळीला हात. दोन जुड्या केल्या की हा क्रम आपोआप पाळला जातो, अंधारात घाबरलेल्या माणसाकडूनही.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर हे जास्तच मनावर घ्या. तिथे चार जण बोलावून, धक्का मारून, क्लच सोडून गाडी सुरू करायचा जुना उपाय चालत नाही.

तर आजचा गृहपाठ सोपा आहे. आज किंवा या रविवारी, उजेडात, डिकी उघडा. केबल काढा, पसरा, बोटं फिरवा, सुलट-उलट करून बांधा. मग घरातल्या ज्या ज्या माणसाच्या हातात गाडीची चावी असते, त्या प्रत्येकाला एकदा ती जुडी सोडायला लावा. किती सेकंद लागले ते मोबाइलवर मोजा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटूच!